मधला तुकडा

दिवाळीचे दिवे विझले, उंबरठ्यावरची रांगोळी पायांनी पुसट झाली, की फुलचूरच्या आमच्या गल्लीत एका सकाळी हाक येते, "शिंगाडे ले लोऽऽ, गरम शिंगाडे!" हाक हिंदीतच असते. गोंदियात विकायचं-घ्यायचं ते हिंदीत, रुसायचं-भांडायचं ते आपापल्या बोलीत, अशी वाटणी कधीचीच झालेली आहे. मी नागपूरहून सुटीवर आलेली असते, हातात चहाचा कप असतो, आणि त्या हाकेबरोबर उकडलेल्या शिंगाड्यांचा वास फाटकातून आत येतो. चिखल, तळ्याचं पाणी, ओल्या लाकडाचा धूर आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर. चहा निवत जातो. आई आतून ओरडते, "चहा थंडा होऊन राहिला ना वो, पेत काऊन नाहीस?" मी पीत नाही, कारण मी तिथे नसतेच. मी बिरसीच्या पलीकडे, मामाच्या गावच्या मंडईत पोहोचलेली असते.

मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला भाजीबाजार आठवतो. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा एकेका दिवसाचा मेळा. आज या गावाची, उद्या त्या गावाची. धान कापायला आलेलं असतं, काही बांध्यांत कापून आडवं पडलेलं असतं, आणि साऱ्या शिवारात नव्या तांदळाचा तो भाजल्यासारखा वास भरून असतो. गुरं राखणारी गोवारी मंडळी मोरपिसं लावलेली उंच काठीची ढाल घेऊन नाचत येतात, डफडं वाजतं, बासरी वाजते. शाळेच्या पटांगणात दंडार या लोकनाट्याचा मंच बांधलेला असतो. सासरी गेलेल्या पोरी नवऱ्यांना आणि लेकरांना घेऊन माहेरी येतात, प्रत्येक घर पाहुण्यांनी फुगतं. मामाच्या गावाला आणखी एक वरदान आहे. बिरसीला विमान शिकवायची शाळा आहे, आणि शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर गावावर घिरट्या घालत असतात. खाली ढाल नाचते, वर विमान गरगरतं, आणि गाई दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करून रवंथ करतात. मला लहानपणी वाटायचं की विमानंही मंडई पाहायलाच येतात.

मंडईच्या पाहुण्याचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आईच्या दुधाबरोबर मिळतो. ज्या घरी जेवलो त्या घरच्या अन्नाला नाव ठेवायचं नाही. त्या वेळी नाही, नंतर नाही, पाठीमागे तर नाहीच. एका मंडईत मामाकडे वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. पाहुण्यांनी माठ रिकामे केले, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि हात धुताना एकजात सगळे म्हणाले, "बेस झाली भाजी." मामी आत गेली, एक घास खाल्ला आणि कपाळाला हात लावला. तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. या नियमाचा काटा कुणाच्या पायात घुसू शकतो, हे तेव्हा कुणाला सुचणार?

मामीचा खरा लौकिक मात्र खरवसाचा. ज्या वर्षाची मी गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी त्यांची कवडी नावाची गाय नेमकी गायगोधनाच्या दिवशी व्याली. म्हणजे दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी गाईंना ओवाळतात, शिंगं रंगवतात, आणि अशा दिवशी गोठ्यात वासरू येणं म्हणजे घरावर लक्ष्मीचा हात. मामी हरखली होती. पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा चीक तिने मंडईसाठी फ्रिजमध्ये जपून ठेवला, आणि मंडईच्या सकाळी गूळ-वेलची घालून मोठ्या गंजात उकडायला ठेवला. मामीचा खरवस इतरांसारखा घट्ट वडी पडणारा नसायचा. कडेला धरलेला, आणि मध्ये मऊ, ताटलीत ठेवला तर थरथरणारा. तो मधला भाग जिभेवर ठेवला की विरघळायचा. मामी तो चुलीवरून नेमका त्या थरथरीत उतरवायची, आणि ती वेळ तिच्याशिवाय कुणाला साधायची नाही.

मधला तुकडा मानाचा. तो आधी जावयांना, मग माहेरवाशिणींना, मग लांबून आलेल्या वडीलधाऱ्यांना. कडेचे तुकडे शेजारीपाजारी आणि पोराटोरांना. घरच्यांना गंज खरवडून काय निघेल ते. आम्ही भाचरं त्या मधल्या तुकड्याकडे आशाळभूतपणे पाहत मोठी झालो.

त्या वर्षी मी मंडईला नव्हते. नागपूरच्या प्रयोगशाळेत माझी पाळी होती. जनावरांतले जंतू अन्नातून माणसांत कसे येतात याचा माग काढणं हे आमचं काम. प्रयोगशाळेत बसलं की ऋतू कळत नाहीत. उबवणीच्या पेटीत बारा महिने एकच उकाडा, फ्रीजरमध्ये बारा महिने एकच थंडी, खिडकीच्या काचेवर निळा कागद. मंडईच्या दिवशी मी मनानेच बिरसीकडे जाऊन येत होते, आणि दोन-चार दिवसांनी बिरसीच माझ्याकडे आली. गोंदियाच्या दवाखान्यातून आजाऱ्यांचे नमुने आले. ताप, पोटात कळा, जुलाब. गावाचं नाव मी दोनदा वाचलं.

आमगावचे जावई, म्हणजे मामीच्या मोठ्या लेकीचे यजमान, सगळ्यात वाईट अवस्थेत होते. दवाखान्यात सलाइनवर पडलेले, गालफडं बसलेली. बालाघाटकडचे पाहुणे आपापल्या गावी जाऊन आडवे झाले होते. आणि फुलचूरला माझी आई, जी मला फोनवर "थोडंसं पोट बिघडलं" एवढंच सांगत होती, ती भिंत धरून चालत होती. मला गाव ठाऊक, माणसं ठाऊक, म्हणून कुणी काय खाल्लं हे विचारायला मलाच पाठवलं.

मी भाऊजींच्या खाटेशी बसले. "मंडईत काय काय खाल्लं, भाऊजी?"

"काई नाई खाल्लो. शिंगाडे खाल्लो थोडेसे."

"आणि मामीकडे?"

"तेथं का... पानी पेलो." एवढं बोलून ते भिंतीकडे वळले.

बालाघाटच्या पाहुण्यांनी नमुने पाठवले, पण फोनवर तेच सांगितलं. शिंगाडे. माहेरी आलेल्या धाकट्या मामेबहिणीनेही तेच. मग मी आईला विचारलं. आईने पदराने तोंड पुसलं, माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि जन्मदात्रीने पोटच्या पोरीला, त्यातही जंतूंच्या मागावर असलेल्या पोरीला, सांगितलं, "शिंगाडेच असन वो. कच्चे होते."

आता शिंगाडे गावाच्या मंडईत एकच बाई विकायची. पंचफुलाबाई. गावाच्या बुद्धविहाराकडच्या वस्तीत तिचं घर. पावसाळा संपता संपता ढिवर मासेमारांनी बोडीतून, म्हणजे आमच्याकडच्या लहान तलावातून, काढलेले शिंगाडे ती घ्यायची, पहाटेपासून उकडायची आणि मोहाच्या झाडाखाली टोपली मांडून बसायची. आमच्या लहानपणापासून ती तिथेच बसते. शिंगाडा दोन बोटांत धरून चाकूच्या एका चिरेत त्याचं काळं साल उलगडायची, आणि आतून पांढरंशुभ्र काहीतरी बाहेर यायचं. तिची नखं त्या मोसमात काळी असायची. बाकीचं वर्ष ती लोकांच्या शेतात रोवणा-कापणी करायची, मामाकडेही. मामीच्या गोठ्याच्या खिडकीत तिचा स्टीलचा ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. तो ग्लास आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता आणि कुणी त्याविषयी बोललेलं नव्हतं.

मी गावात पोहोचले तेव्हा पंचफुलाबाईची टोपली मोहाखालून उठलेली होती. कुणी तिला मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त कुणी घेईना. पुढच्या गावच्या मंडईत ती गेली तर तिच्या आधी बातमी पोहोचली होती, आणि तिथल्या पोरांनीच तिला परत पाठवलं. आठवडी बाजारात आयाबाया तिच्यासमोरून लेकरांचे हात ओढून नेत होत्या. शिंगाड्याचा मोसम तो केवढा! दिवाळीपासून थंडी पडेपर्यंत. तेवढ्यात जे काय व्हायचं ते. तिच्या अंगणात शिंगाड्यांचा ढीग काळा पडून आंबट वास सोडत होता आणि ती जोत्यावर बसून होती.

"पोट दुखलं म्हनते," ती मला म्हणाली. "बारीक पोरगी होती तू, तवापासून माह्या हातचे खाऊन राहिली. तुह्यं दुखलं होतं का कधी?"

मी नाही म्हटलं. माझ्याजवळ तेव्हा एवढंच उत्तर होतं, आणि ते गावाला पुरणारं नव्हतं.

माझ्याबरोबर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं गोळा केलं. बोडीचं पाणी, पंचफुलाबाईच्या घरचे उरलेले शिंगाडे, कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण, गोठ्यागोठ्यातलं शेण. मामीने तर हसत हसत स्वतः डबी भरून दिली. "घे बाई, घे. शेन न्यायले कोन नाई म्हनते!" वासरू अंगणात उड्या मारत होतं, कवडी शांत होती. ती आजारी दिसत नव्हतीच. जनावराच्या पोटात असा जंतू मुक्कामाला येतो आणि जनावराला त्याचा पत्ता नसतो, हे आम्हाला ठाऊक असतं. तरी कवडीच्या त्या ओल्या डोळ्यांकडे पाहून कुणालाही काही संशय येणं शक्य नव्हतं. मलाही आला नाही.

नागपूरला परत आल्यावर थाळ्या उबवल्या. या जंतूसाठी आम्ही लाल रंगाचं पोषण वापरतो, आणि त्यावर तो काळ्या बुबुळांच्या ठिपक्यांनी उगवतो. सकाळी पेटी उघडली की थाळीभर बारीक बारीक डोळे आपल्याकडे पाहत असतात. मी या कामात इतकी वर्षं आहे, तरी ते डोळे पाहताना मला अजून स्वप्नात असल्यासारखं होतं. साल्मोनेला, हे त्याचं कागदावरचं नाव. पण नाव कळून भागत नाही. साल्मोनेला पुष्कळ ठिकाणी असतो. विचारायचं असतं ते हे, की हा कुठला, कुणाच्या घरचा.

त्यासाठी त्याचा जिनोम वाचावा लागतो. जंतूच्या पोटात एक लांबलचक धागा असतो. त्यावर चारच अक्षरं, पण लाखांनी, एकामागून एक. यंत्र ती सगळी वाचून काढतं. एका जंतूचे दोन होतात तेव्हा तो हा सगळा मजकूर उतरवून घेतो, आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्याच्या लेकरांत, नातवंडांत, पतवंडांत तशीच पुढे जाते. ज्यांच्या चुका सारख्या, ती एका घरची.

यंत्र चालू असलं की मंद घुं घुं आवाज येतो. तो ऐकत बसले असताना मला मामीच्या लग्नगाण्यांची आठवण आली. मामी पोवारी बोलीतली गाणी गाते. तीच गाणी साऱ्या मुलखात गातात, पण गावागणिक एखादा शब्द बदललेला असतो. कुण्या आजीच्या तोंडून तो चुकला आणि पुढे तसाच चालू राहिला. लग्नात एखाद्या अनोळखी बाईने गाणं उचललं की मामी कान टवकारते आणि म्हणते, "हे लांजीकडली हाय." विचारल्यावर ती बाई लांजीचीच निघते. आमचं यंत्र यापेक्षा वेगळं काही करत नाही.

मग पडद्यावर नात्यांचं झाड उमटलं. आमगावच्या भाऊजींचा जंतू, बालाघाटच्या पाहुण्यांचा, धाकट्या मामेबहिणीचा, माझ्या आईचा, सगळे एका डहाळीवर दाटीवाटीने बसलेले, अक्षर न् अक्षर जवळपास सारखं. बोडीच्या पाण्यातले जंतू दूर, भलत्याच फांद्यांवर. शिंगाड्यांत तर साल्मोनेला सापडलाच नव्हता. आणि त्या दाटीत आईच्या अगदी शेजारी एक नमुना होता, तो माणसाचा नव्हता. मामाच्या गोठ्यातला होता. कवडीचा.

मला आनंद व्हायला हवा होता. माग लागला होता. पण मी त्या डहाळीकडे पाहत राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे मामीचा गंज आला, कडेला धरलेला, मध्ये थरथरणारा. जावई सर्वांत आजारी. माहेरवाशिणी आजारी. लांबचे वडीलधारे आजारी. पोरंटोरं, शेजारीपाजारी धडधाकट. घरच्यांना तर काहीच नाही. ज्याचा मान मोठा त्याचा ताप मोठा. मध्यापर्यंत आच पोहोचलीच नव्हती, आणि त्या न पोहोचलेल्या आचेलाच आम्ही इतकी वर्षं मामीच्या हाताची चव म्हणत होतो.

आमच्या अहवालात कुणाच्या घराचं नाव नसतं. 'गावातील एका गोठ्यातील गाय' एवढं लिहून मी मोकळी झाले असते. पण तेवढ्याने पंचफुलाबाई मोकळी झाली नसती. गाव म्हणालं असतं, गाय बोडीवर पाणी पिते, शिंगाडे बोडीतलेच, म्हणजे झालंच की! तिला सोडवायचं तर खरवसाचं नाव घ्यावं लागणार होतं. आणि खरवसाचं नाव घेतलं की मामीचं.

मी गेले तेव्हा मामी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, वालाच्या शेंगा सोलत होती. थंडी पडली होती. मी तिच्याजवळ बसले, चार शेंगा सोलल्या आणि तिला गाण्यांच्या मार्गाने सांगायला लागले. जंतूंचंही एक गाणं असतं, मामी. आजारी पडलेल्या सगळ्यांच्या पोटात एकच गाणं निघालं. चुकलेले शब्दही तेच.

मामीला गंमत वाटली. "मंग कोन्या गावचं गानं?"

"याच गावचं."

"बोडीतलं?"

"नाही. बोडीतलं वेगळं आहे. शिंगाड्यांत तर काही नव्हतंच."

मामीच्या हातातली शेंग अर्धी उघडून थांबली. वरून विमान गेलं, त्याची सावली अंगणावरून सरकत गोठ्यावर चढली आणि नाहीशी झाली. मामी गोठ्याकडे पाहत होती.

"कवडी?"

"हो. तिच्या शेणात तेच आहे."

मी तिला पुढचं सांगणार होते, कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. पण ती माझ्या आधी पोहोचली.

"चीक," ती म्हणाली. मग आणखी हळू, "मधला."

मी मान हलवली.

"मी तो कधी खाल्लीच नाई वो," मामी म्हणाली. "मले कधी उरलाच नाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं, की ज्या गोष्टीसाठी आपलं नाव होतं ती आपण कधी चाखलीच नाही. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. तो हात वालाच्या शेंगांनी हिरवा झाला होता.

"हे पेपरात देशीन का?"

"नाही मामी. कुणाचंच नाव जात नाही. अहवालात नावं नसतात."

"मंग पंचफुलाचं नाव कोन्या अहवालात होतं?"

मामी उठली. पाय धुतले, धुतलेलं लुगडं नेसली आणि माझ्याकडे न बघता चालायला लागली. मी मागे मागे. गावाच्या त्या टोकाला मामी चालत गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिकडून माणसं तिच्याकडे यायची, ती तिकडे जात नसे.

पंचफुलाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मामीला पाहून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"माह्या घरचं होतं," मामी उभ्यानेच म्हणाली. "खरवसाचं. तुह्या शिंगाड्याचं नव्हतं."

"माह्या शिंगाड्याचं नव्हतं, हे मले ठाऊकच होतं," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमच्या घरचं होतं, हे ठाऊक नव्हतं."

"गावाले मी सांगीन. घरोघरी सांगीन."

"सांगा. मोसम तं गेला."

आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली नातवाचं दप्तर लटकत होतं. कोंबडी सुपाशी आली, कुणी हाकलली नाही. मामी म्हणाली, "पुढच्या मंडईले तू माह्या घरी पाहुनी ये."

पंचफुलाबाईने सूप पुन्हा हातात घेतलं. "पाहुनी म्हनून बोलावता. मंग पानी कोन्या ग्लासात देसान? खिडकीतल्या?"

मामीने पदर सावरला आणि मागे वळली. आम्ही परत आलो.

त्यानंतर मामीने जे केलं ते मी आईच्या तोंडून ऐकत होते. ती हापशीवर सांगायची, भजनाला सांगायची, संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण हातात ठेवता ठेवता सांगायची. कुणी म्हणायचं, "कायले आपल्या घराले नाव पाडून घेता, बाई?" मामी ऐकून घ्यायची आणि पुढच्या बाईला सांगायची. लोकांना ते अवघड जायचं. यजमानीणच स्वतःच्या अन्नाला नाव ठेवते, यावर पाहुण्याने काय बोलायचं, याचा नियमात कुठे उल्लेखच नव्हता. कवडीचं दूध मामा खळखळून उकळल्याशिवाय कुणाला देईनासा झाला. आणि आई, जिला मी एकदा रागाने विचारलं की माझ्याशी खोटं का बोललीस, ती म्हणाली, "माहेरचा खरवस होता वो. त्याले जंतू म्हनू का मी?" मला राग धरता आला नाही. मलाही तोच नियम दुधातून मिळालेला आहे.

पुढच्या वर्षीच्या मंडईला मी रजा घेऊन गेले. मोहाखाली टोपली मांडलेली होती. सकाळी लोक जरा घुटमळले. मग मामी आली, अख्ख्या मंडईदेखत उभ्याने शिंगाडे सोलून खाल्ले, ओटी भरून घेतले, आणि मग हळूहळू पोरं आली, पोरांमागे आया आल्या. ढाल नाचत होती. बासरीवाल्या गोवाऱ्याने कुठलासा सूर एवढा लांबवला, की मला वाटलं वरचं विमान त्याच्याच आधाराने तरंगतं आहे.

दुपारी पाहुण्यांची पंगत सपरीत बसली. आमगावचे भाऊजी होते, बालाघाटचे होते, आई होती. आणि टोपली नातीच्या स्वाधीन करून पंचफुलाबाई आली. पदरात शिंगाडे होते, रिकाम्या हाताने पाहुणी येत नाही. मामीने तिला आईशेजारी बसवलं. सगळ्यांसमोर पाण्याचे तांबे होते, तिच्यासमोरही तसाच. गोठ्याची खिडकी रिकामी होती, मी जाऊन पाहून आले.

त्या वर्षीचा खरवस मामीच्या दिराच्या म्हशीच्या चिकाचा. मामीने तो सुरी कोरडी बाहेर येईपर्यंत उकडला होता, आणि वर आणखी उकडला होता. थरथर गेली होती. मधला तुकडा कुठला आणि कडेचा कुठला, कळत नव्हतं. मामीने पहिला तुकडा पंचफुलाबाईच्या ताटलीत ठेवला, मग भाऊजींच्या. भाऊजींनी खाल्ला आणि म्हणाले, "बेस झाला." बालाघाटचे म्हणाले, "बढिया." आई म्हणाली, "पह्यल्यापेक्षा बेस." मामी उलथनं हातात घेऊन उभी होती. ते शब्द तिच्या कानांवरून जात होते, ती कुणाकडेच पाहत नव्हती.

पंचफुलाबाईने एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

"घट्ट झाला," ती म्हणाली. "अन गूळ कमी हाय."

भाऊजी ताटलीत पाहायला लागले. आईचा हात तोंडाशी राहिला. त्या घरात इतक्या मंडया झाल्या, पण पाहुण्याने असं कधी म्हटलं नव्हतं.

मामी तिच्याजवळ गेली, खाली बसली, आणि तिच्याच ताटलीतला, तिने खाऊन उरलेला तुकडा उचलून तोंडात घातला. माझ्या शास्त्राला ते मुळीच पटणारं नव्हतं आणि मी एक अक्षर बोलले नाही. मामी चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हो वो," ती म्हणाली, "कमीच हाय." आणि गूळ आणायला आत गेली.